तिसरा मारत न्हाई

"तिसरा मारत न्हाई," आबा म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

"गप. ऐक."

आबा अंगणात बाजेवर उताणे पडले होते. डोळे मिटलेले, एक बोट वर. भिंतीपलीकडं आठ सिलिंडरचं इंजिन धडधडत होतं आणि मध्येच कुणीतरी जांभई दिल्यासारखा 'फुस्स' असा आवाज येत होता. प्रत्येक फुस्सला आबांचा चेहरा दुखऱ्या दाढेला बर्फ लागल्यासारखा व्हायचा.

"आठातलं सात मारत्यात. तिसरा झोपलाय. प्लगपर्यंत करंटच पोचंना."

"मग जाऊन सांगा की."

आबांनी डोळे उघडले. "कुणाला?"

"इंद्याला."

"कोण इंद्या?"

इंद्या म्हणजे इंद्रजित. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सख्ख्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ. आमच्या बाजेपासून तो आमच्या नळापेक्षा जवळ राहायचा. फक्त मध्ये भिंत होती.

भिंतीचं सांगायलाच पाहिजे. आबा आणि आप्पाकाका, दोघा भावांत मिळून एक लॅम्ब्रेटा स्कूटर होती. एकदा ती जोतिबाच्या चढाला जाम झाली, कारण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं राहिलं होतं. कुणाकडून राहिलं, यावर दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. बोटं खाली यायच्या आत घराची वाटणी झाली आणि अंगणात भिंत घालायला गवंडी आला. त्याच्या आखणीच्या दोरीत नेमकी स्कूटर आली. तो म्हणाला, "ही बाजूला घ्या." आबा म्हणाले, "त्यानं घ्यावी." काका म्हणाले, "बिघडवली त्यानं, मी का हात लावू?" गवंड्याला गावाकडची शेवटची एस.टी. गाठायची होती. त्यानं स्कूटरसकट भिंत घातली.

तेव्हापासून स्कूटरचं हँडल आणि पुढचं चाक आमच्या अंगणात, सीट आणि मागचं चाक त्यांच्या. आम्ही हँडलवर टॉवेल वाळवायचो, काकी सीटवर सांडगे. लहानपणी मी आणि इंद्या ही स्कूटर चालवायचोसुद्धा. मी इकडून हँडल वळवायचो, तो तिकडं सीटवर बसून तोंडानं आवाज काढायचा. मला कधी बसायला मिळालं नाही, त्याला कधी वळवायला.

आप्पाकाका गेले तेव्हा आबा रस्त्यानं वळसा घालून गेले, खांदा दिला, दिवस घातले आणि परत येऊन बाजेवर पडले. भांडण मिटवायचं तर समोर भांडणारा पाहिजे, तोच गेला होता. भांडण मात्र घरीच होतं. भिंत राहिली.

आणि मग इंद्यानं इम्पाला मोटार आणली.

शिरोळकडच्या एका गुऱ्हाळात ती कित्येक वर्षं पडून होती. गुऱ्हाळवाला तिच्यात गुळाच्या ढेपा ठेवायचा, कारण त्याच्या घरात एवढी मोठी खोली नव्हती. इंद्यानं आपली बुलेट आणि काकींची दुभती म्हैस देऊन ती घेतली. म्हैस गेली त्या दिवशी काकी जे बोलल्या ते आम्ही घरातली भांडी न वाजवता ऐकलं.

"म्हस दूध देत हुती रं! ही काय दील?"

"आई, ही अमेरिकन हाय."

"मग जा अमेरिकेला धारा काढायला!"

गाडी ट्रॅक्टरमागं बांधून आली. बंपर नव्हते, दिवे नव्हते, काचा निम्म्या होत्या. स्टीअरिंग होतं, पण डावीकडं. आणि लांब! ट्रॅक्टर काकींच्या दारात पोचला तेव्हा गाडीचा मागला भाग अजून वाण्याच्या दुकानापुढं होता आणि वाणी ओरडत होता की गिऱ्हाईक अडतंय. तिच्यासोबत शिरोळच्या मुंग्याही आल्या. गुळावर वाढलेल्या, अंगानं भरलेल्या मुंग्या. त्यांनी आमच्या गल्लीतल्या मुंग्यांना आठवडाभरात हुसकावून लावलं.

मी जळलो. हे सरळच सांगतो, कारण त्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. मी तेव्हा महाद्वार रोडला मोबाइलची कव्हरं विकायचो. म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तूंना कपडे घालणे हा माझा धंदा. आणि आता गिऱ्हाइकं कव्हर बघता बघता विचारायला लागली, "ती मोठी गाडी तुमच्या गल्लीत आलीया न्हवं? कुणाची हो?" मी म्हणायचो, "मुंग्यांची."

भिंतीत स्कूटरच्या कडेनं एक फट होती. टॉवेल काढायच्या निमित्तानं मी फटीला डोळा लावायचो. आमच्या घरात त्या काळात टॉवेल फार लवकर वाळायचे.

इंद्याकडं पैसे नव्हते, यावर माझी भिस्त होती. पण त्यानं पैशाविनाच गाडी उभी करायला घेतली. पुढच्या दिव्यांच्या चकचकीत कड्या मिळेनात, तर त्यानं स्टीलच्या दोन पराती कापल्या. एका बंद पडलेल्या ब्यूटी पार्लरच्या खुर्च्यांचं गुलाबी रेक्झिन आणून सीटांना चढवलं. डॅशबोर्डवरची बटणं भजनी मंडळाच्या मोडक्या पेटीची होती. वायपर लावायचा तर काळी पाच दाबायची. रेडिएटर ट्रॅक्टरचा. उद्यमनगरातल्या प्लेटिंगवाल्यानं बंपर चकाकून दिले आणि बदल्यात काकींनी त्याच्या मुलीच्या लग्नाचे लाडू वळले. मला वाईट याचं वाटायचं की ते सगळं तिला शोभत होतं.

"काय भावा," एकदा इंद्याचं डोकं भिंतीवर उगवलं. तो गाडीच्या टपावर उभा होता. "फटीतनं काय बघालायस?"

"टॉवेल काढालोय."

"टॉवेल वल्ला हाय तुझा."

"मला वल्लाच लागतो. आणि काय रं, गाडीचं तोंड भिंतीकडं करून का लावलीयास? जागा हाय की तिकडं."

"तुझं काय जातंय?"

"धूर येतोय."

"धूर मागनं येतो, येड्या. तुमच्याकडं नुसता आवाज येतोय."

एवढं म्हणून त्यानं भिंतीवरून आमच्या बाजेकडं बघितलं आणि खाली उतरला.

रोज संध्याकाळी तेच. आबा फिरून यायचे, चपला काढायचे, बाजेवर पडायचे आणि त्यांची पाठ टेकते न टेकते तोच पलीकडं इंजिन सुरू व्हायचं. मी दुकानातून घरी यायची वेळही तीच. त्यामुळं हे सगळं खास मला जळवायला चाललंय, याबद्दल मला शंका नव्हती. पेट्रोल ती म्हशीच्या वेगानं प्यायची. हलायचीसुद्धा नाही, जागेवर उभी राहून प्यायची. त्या पेट्रोलमध्ये इंद्या रोज रंकाळ्यावर जाऊन भेळ खाऊन आला असता. तरी रोज पंधरावीस मिनिटं भिंतीकडं तोंड करून धडधड, धडधड, फुस्स.

"तिसरा," आबा म्हणायचे. आधी पुटपुटायचे, मग मोठ्यानं, मग भिंतीकडं तोंड करून. जेवताना भाकरी मोडता मोडता थांबायचे. "एवढा सोपा फॉल्ट. कार्ट्याला दिसंना कसा?"

"जावा की एकदा," आई म्हणायची.

"बोलावलंय का कुणी?"

पलीकडून इंद्याचा आवाज यायचा, गरजेपेक्षा मोठा. "आई, येणाऱ्याला कोण नको म्हणालंय गं?"

काकी म्हणायच्या, "कोण येणार हाय?"

"कुणी न्हाई. असंच."

मला गाडीचं एवढं नव्हतं. म्हणजे होतं, पण जास्त झोंबायचं ते वेगळंच. माझी स्कूटी त्या वर्षी शिट्टी घातल्यासारखी वाजायची. मी आबांना म्हटलं होतं, "आबा, जरा ऐका की, कसला आवाज येतोय." आबा म्हणाले होते, "गॅरेजला दाव." अख्खी हयात एस.टी.च्या वर्कशॉपात काढलेला माणूस. माझ्या स्कूटीला त्यांनी कान दिला नाही, आणि त्याच्या गाडीच्या एका सिलिंडरसाठी भाकरी सोडायला निघाले. मी बाजेशेजारी बसून असायचो. मी जर फुस्स केलं असतं तर त्यांनी वळूनही बघितलं नसतं. एकदा करून बघितलं. नाही बघितलं.

गाडी दसऱ्याला बाहेर काढायची असं इंद्यानं गल्लीभर सांगितलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी पलीकडं नजीरभाई पेंटर पत्रा घासत होते. इंद्या थिनर आणायला गेला होता. मी टॉवेल काढत होतो.

"ओ धैर्याभाऊ!" स्टुलावर चढून नजीरभाईंनी मान वर काढली. "इंद्या आला की सांगा, लांबी जास्त झालीया."

"काय?"

"लांबी, लांबी! जास्त झालीया. काढायला लागणार. न्हाईतर गाडी दसऱ्याला भाईर पडत न्हाई. मी जरा चहा मारून येतो."

मी फटीतून बघितलं आणि मला सगळा प्रकार लख्ख कळला. गाडी आली तेव्हा तिला बंपर नव्हते. आता दोन्ही बंपर बसले होते. काकींच्या दारातून रस्त्यावर जायला एक वाकडा बोळ आहे. बिनबंपरची गाडी त्यातून आत आली होती. बंपरांसकट बाहेर जात नव्हती. इंद्यानं म्हैस विकून, पराती कापून, लाडू वळवून अंगणात एक गुलाबी सीटांचं शोपीस तयार केलं होतं. मला इतका आनंद झाला की मी टॉवेल परत वाळत घातला.

"आबा! अडकली!"

आबा आत पूजेला बसले होते. खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाटावर आबांचे पाने, आईची विळी, माझा कव्हरं कापायचा कटर आणि भिंतीला टेकवलेली पहार. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"कोण अडकलं?"

"इम्पाला. बोळातनं जात न्हाई. नजीरभाईच म्हणाले."

आबांनी घंटी खाली ठेवली. "काय म्हणाला? शब्द न शब्द सांग."

"लांबी जास्त झालीया."

"लांबी म्हणाला?"

"लांबी."

"जास्त?"

"जास्त. काढल्याशिवाय भाईर पडत न्हाई म्हणाले."

आबा बराच वेळ पहारीकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. मला वाटलं, पुतण्याचं दुःख असेल.

"आता गाडी तर कापता येत न्हाई," ते सावकाश म्हणाले. "आपल्या अंगणातनं रस्ता सरळ हाय."

"मग?"

आबा उठले आणि पहार उचलली.

"अहो!" आई स्वयंपाकघरातून धावली. "आज पूजेतली हत्यारं उचलत न्हाईत! उद्यापर्यंत ती देव असत्यात!"

"मग देवाच्याच हातनं हुतंय म्हण," आबा म्हणाले.

पहिला घाव बसला तेव्हा पहारीवरचं झेंडूचं फूल उडून माझ्या पायाशी पडलं. तिसऱ्या घावाला वरच्या विटा पलीकडं कोसळल्या आणि काकी ओरडल्या, "अगं बया! कोण हाय रं? भिंत पडालीया!"

धुरळ्यातून आबा म्हणाले, "पडत न्हाई, वयनी. पाडालोय."

भिंत झाल्यापासून दिरानं भावजयीशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. काकींनी धुरळ्याकडं बघून पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं." जरा थांबून म्हणाल्या, "चहा टाकू?"

भिंत पडायला वेळ लागला नाही. गवंड्यानं ती घाईतच घातली होती. सगळ्या विटा खाली आल्या तेव्हा मध्ये स्कूटर उभी होती, स्वतःच्या स्टँडवर, पोटाला सिमेंटचा पट्टा लागलेली. पहिल्यांदाच मी ती अख्खी बघितली. मला वाटायचं त्यापेक्षा ती लहान होती.

एवढ्यात इंद्या थिनरचा डबा घेऊन आला आणि मागून नजीरभाई. दोघं दारातच थांबले.

"या अल्ला," नजीरभाई म्हणाले. "हे काय केलंसा, आबा?"

आबा केसांपासून चपलांपर्यंत पांढरे झाले होते. "लांबी जास्त झाली म्हणालास न्हवं? रस्ता केला."

"अवो, लांबी म्हंजे लांबी! पत्र्याचं पोचं बुजवायला भरतो ती लांबी! लगदा असतोय बघा, वाळला की घासायचा! जाड बसली, खरवडून काढावी लागंल म्हणालो मी. न्हाईतर दसऱ्यापातूर रंग हुत न्हाई. बोळातनं गाडी जातीया की! मी दोरी लावून मापलीया!"

एक राहिलेली वीट तेवढी सावकाश घसरून खाली आली. सगळ्यांनी आधी विटेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अस्सं होय," आबा म्हणाले. "आता आम्हाला काय ठाऊक." त्यांनी पहार खाली ठेवली, हात झटकले. "बरं, पडली ती पडली. आता आलोच हाय तर बघून जातो. त्वांड धुऊन येतो, चालू करून ठेव."

ते नळाकडं गेले. इंद्यानं थिनरचा डबा तिथंच टाकला, पळत जाऊन बॉनेट उघडलं आणि आत वाकला. मी त्याच्या मागं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आत एक प्लगची वायर सुटून लोंबत होती. इंद्यानं ती घट्ट बसवली. मग घाईघाईत, पुन्हा एकदा नळाकडं बघून, दुसऱ्या एका प्लगची चांगली बसलेली वायर उपटली आणि मोकळी सोडली. वळला तर समोर मी.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

आबा आले. ओला चेहरा, नाकावर चष्मा. "मार."

इंद्यानं सुरू केली. धडधड, धडधड, फुस्स. आबांनी डोळे मिटले, बोट वर केलं. "तिसरा." बंद करायला लावली, आत वाकले आणि एखाद्या चोराचं मानगूट धरावं तशी ती मोकळी वायर वर काढली. "ही बघ! तिसऱ्याची! सुटलीया! म्हणालो न्हवतो?"

वायर बसली. इंजिन सुरू झालं. या वेळी आवाज कुठंही तुटला नाही. पेटीची बटणं थरथरली, परातीच्या कडा चमकल्या आणि बॉनेटमधून मुंग्यांची एक रांग शांतपणे उतरून आमच्या बाजेकडं निघाली.

"तिसराच हुता, काका," इंद्या म्हणाला.

आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथंच राहू दिला. माझ्या पाठीवर तो हात एकदा पडला होता. तेव्हा तिथं माशी होती.

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. छोटंसं. आबांचा कान किती खरा आणि इंद्या किती खोटा, हे दोन्ही त्या एका वाक्यात निघालं असतं. इंद्या माझ्याकडं बघत होता.

"भारी वाजतीया," मी म्हणालो आणि विटांखाली गेलेला टॉवेल शोधायला लागलो.

दुपारी स्कूटर बाजूला घ्यायची होती. आबांनी हँडल धरलं, इंद्यानं मागून सीट, आणि इतक्या वर्षांनी ती स्कूटर एका दिशेला निघाली. आबा आत गेल्यावर मी सीटवर बसलो. इंद्या पुढं जाऊन हँडल वळवायला लागला.

"खरा कितवा हुता?" मी विचारलं.

"पाचवा."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवशी खरंच सुटलेली. मला गावंना. तेवढ्यात तुमच्याकडनं आवाज आला, तिसरा मारत न्हाई." त्यानं हँडल दुसरीकडं वळवलं. "बाबा गेल्यावर आमच्याकडं तोंड करून ते पहिल्यांदाच कायतरी बोलले. दुसऱ्या दिवशी फॉल्ट मला गावला. वायर बसवली. मग परत काढली."

"मला वाटलं, मला जळवायला करालायस."

"तुला?" तो खरोखर गोंधळला. "तुझा काय संबंध?"

हे सगळ्यात जास्त झोंबलं.

संध्याकाळी मी आणि आई अंगणात विटा रचत होतो.

"आई, आबांना लांबी म्हंजे काय ते ठाऊक नसंल?"

आईनं विटेवरचा चुना झटकला. "वर्कशॉपात पेंटच्या बाजूलाच बसायचं त्यांचं टेबल. रोज पँटीला लांबी चिकटवून यायचे. मी सुरीनं खरवडायची."

मी हातातली वीट धरून तसाच उभा राहिलो. "मग?"

"मग काय? वीट ठेव खाली आणि दुसरी आण."

दसऱ्याला गाडी निघाली, पण रंगाविना. लांबीचे करडे चट्टे तसेच, त्यावर झेंडूच्या माळा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हत्तीला कोड उठलंय. इंद्यानं किल्ली आबांच्या हातात दिली. स्टीअरिंग डावीकडं असल्यामुळं आबा डावीकडं, मागं दोन्ही आयांच्या मध्ये इंद्या, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. पुढं उजवीकडं मी. या देशात उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर, अशी सगळ्यांची समजूत आहे. त्यामुळं दसरा चौकापर्यंत अर्ध्या कोल्हापुरानं मला हात केले. मीही हात केले, दोन्ही. पुढं एका चौकात ट्रॅफिक पोलिसानं गाडी थांबवली, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "हात सोडून गाडी चालवतोस? लायसन दाव."

"साहेब, माझ्याकडं स्टीअरिंगच न्हाई."

त्यानं आत वाकून बघितलं. मग आबांना नमस्कार केला, माझ्याकडून सोनं घेतलं आणि जाताना म्हणाला, "मग बसलाईस कशाला हितं?"

मागून इंद्या इतका हसला की काकींनी त्याला चिमटा काढला. परत येताना पेट्रोल संपलं ते वाण्याच्या दुकानापाशी. तिथून घर जवळच होतं. गाडीचं तोंड तर घरी पोचलंही होतं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा फिरून आले, बाजेवर पडले आणि इंद्यानं गाडी सुरू केली. आता मध्ये भिंत नव्हती, सगळं समोर दिसत होतं. आबांनी बोट वर केलं. आठच्या आठ सिलिंडर एका सुरात चालले होते. आबांनी बोट खाली घेतलं.

"झ्याक," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

इंद्या स्टीअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिला. मग गाडी बंद करून आत गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच झालं. आबा "झ्याक" म्हणाले आणि घोरायला लागले. मी बाजेशेजारी बसलो होतो. भिंत नव्हती, गाडी नीट होती, बाप माझ्याशेजारी होता. मला पाहिजे ते सगळं झालं होतं. समोर इंद्या एका न वाजणाऱ्या गाडीत बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. इंद्या आत चहा पीत होता. मी बॉनेट उचललं, कपाटाच्या दारासारखं जड. पाचवा कुठला ते मला ठाऊक नव्हतं. हाताला आली ती वायर ओढली, बॉनेट हळूच टेकवलं आणि येऊन टॉवेल वाळत घालायला लागलो. तो कोरडाच होता.

आबा आले. पडले. इंद्यानं चावी फिरवली.

धडधड, धडधड, फुस्स.

इंद्या दचकला. त्यानं बॉनेटकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी टॉवेलची घडी सरळ करत होतो.

"तिसरा मारत न्हाई," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, पण त्यांचे पाय बाजेखाली चपला शोधायला लागले होते.

"मग जावा की," मी म्हणालो.

ते विटांचा ढीग ओलांडून गेले. बॉनेट वर झालं. दोन पाठी आत वाकल्या आणि कितीतरी वेळ वाकलेल्याच राहिल्या. अंधारून यायला लागलं होतं.

"धैर्या!" आबांची हाक आली. "टॉर्च आण!"

"कोण धैर्या?" मी बाजेवरून विचारलं.

"ये रं गाढवा, हितं काय दिसंना झालंय!"

मी टॉर्च घेऊन गेलो. पाना इंद्याच्या हातात होता. आबांचा एक हात इंद्याच्या खांद्यावर आणि दुसरा इंजिनात. मी मागं उभा राहून त्या दोघांच्या मधून उजेड पाडला.

"नीट धर. हलवू नको."

मी जळत होतोच. पण उजेड हलू दिला नाही.